अरेंजर कीबोर्ड घेताना नक्की काय ताडून बघायचं? (एसएक्स७००, पीए७००, आय५००)

पेटी_ते_कीबोर्ड:
सुगम संगीत आणि भजनाच्या कार्यक्रमांसाठी ६१ कीजचा अरेंजर (आपोआप साथ देणारा कीबोर्ड) घ्यायचा आहे. ताल बहुतेक केरवा, दादरा, रूपक. तबलजी प्रत्येक वेळी असेलच असं नाही. हॉल दीड-दोनशे माणसांचे, आवाज मिक्सरमधून जाणार. बजेट दीड लाखाच्या आत. यामाहा पीएसआर-एसएक्स७००, कॉर्ग पीए७०० आणि यामाहा पीएसआर-आय५०० डोळ्यासमोर आहेत. माहितीपत्रकात टोन (वाद्यांचे आवाज) आणि स्टाइल्स (ताल-साथीचे तयार साचे) यांचे आकडेच आकडे आहेत. कशावर ठरवायचं?

काळीचार:
त्या आकड्यांवर ठरवू नका. शेकडो स्टाइल्समधल्या तुमच्या उपयोगाच्या दहा-पंधरा निघतील. पहिला प्रश्न असा विचारा: स्टाइल वाद्यातच बनवता आणि सुधारता येते का, आणि तालाचं आवर्तन (एक पूर्ण फेरी) किती बारमध्ये (कीबोर्डच्या तालमापात) बसवलंय?

दादऱ्याचं बघा. बऱ्याच तयार स्टाइल्स ३/४ मध्ये असतात, म्हणजे एका बारात ‘धा धी ना’ आणि पुढच्या बारात ‘धा ती ना’. फिल (मधे घ्यायचा छोटा भराव) दाबला की तो चालू बार संपेपर्यंत वाजतो आणि मग मेन (मूळ साथ) पहिल्या बारापासून सुरू होतो. तुम्ही पहिल्या बारात फिल दाबलात, तर जिथे चौथी मात्रा यायची तिथे कीबोर्ड सम (आवर्तनाची पहिली मात्रा) देतो. गायक आवर्तनाच्या मध्यावर, वाद्य समेवर. तीन मात्रांचा हा फरक पुढे आपोआप भरून निघत नाही. तोच दादरा ६/८ च्या एका बारात बांधा, मग फिल कुठेही घ्या, सम जागेवर येते. केरव्याला ४/४ चा एक बार पुरतो, रूपकाला ७/८ चा. दीपचंदी ७/४ च्या दोन बारांत बसवली असेल तर फिल दुसऱ्याच बारात घ्यायचा.

एसएक्स७०० आणि पीए७०० दोन्हींत स्टाइल बनवता येते आणि दोन्हींत तिचे आठ ट्रॅक (वेगवेगळ्या वाद्यांचे थर) असतात. मात्र एकाची स्टाइल दुसऱ्यावर चालत नाही. रूपांतर केलं तर बेस आणि कॉर्ड बऱ्यापैकी येतात, पण तालवाद्यांचा गोंधळ होतो. एका किटमध्ये (तालवाद्यांच्या आवाजसंचात) ज्या कीवर ‘ना’ आहे, त्याच कीवर दुसऱ्यात भलतंच वाद्य असतं. एकेक बोल हाताने जागेवर आणावा लागतो.

ढोलकी_मेमरी:
वरच्या मुद्द्याला जोडून मेमरी बघा. चांगला तबला, ढोलकी, संबळ बाहेरून भरायचे तर विस्तार मेमरी लागते. एसएक्स७०० मध्ये ती ४०० एमबी आहे, त्याच्याच वरच्या एसएक्स९०० मध्ये १ जीबी. यामाहात आवाजांचा पॅक संगणकावर एक्स्पान्शन मॅनेजर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तयार करून पेन ड्राइव्हने चढवायचा. इथे हमखास चूक होते: नवा पॅक चढवला की आधीचा पुसला जातो. जुने आणि नवे पॅक सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करून त्यांचा एकच पॅक चढवा. पीए७०० वर वेव्ह फाइल थेट वाद्यातच घेता येते. ज्याला स्वतः बोल रेकॉर्ड करून वापरायचेत त्याला ते सोपं पडतं, आणि माझं मत म्हणून तुमच्या कामाला मी कॉर्गच सुचवेन.

पॉलिफोनी (एका वेळी वाजू शकणारे स्वर) दोन्हींची १२८. लहान मॉडेल्समध्ये ती बरीच कमी असते आणि स्टिरिओ टोन दुप्पट जागा खातो. डाव्या हातात स्ट्रिंग्ज, उजव्या हातात दोन टोन आणि खाली भरगच्च स्टाइल चालू असली की जुने स्वर मधेच सोडले जातात. सर्वांत आधी कानाला खटकते ती डग्ग्याची तुटलेली आस (घुमणारा नाद). आय५०० मधला तानपुरा-तबल्याचा रियाज छान आहे, घरी बसायला उत्तम. स्टेजवर पूर्ण साथ त्याच्यावर टाकू नका.

पेटी_ते_कीबोर्ड:
दोघांचेही आभार. आणखी एक. रागदारी अंगाच्या गाण्यात मेजर कॉर्ड धरली की शुद्ध गंधार सतत वाजत राहतो आणि कोमल गंधाराच्या जागा खराब होतात. मायनर धरली तर उलटा त्रास. स्टाइल बंद करण्यावाचून उपाय आहे का?

काळीचार:
आहे. यामाहात फिंगरिंग (कॉर्ड ओळखायची पद्धत) ‘फिंगर्ड’वर ठेवा आणि डाव्या हाताने फक्त सा आणि प धरा. वाद्य ती १+५ कॉर्ड म्हणून ओळखतं आणि साथीतून गंधार गळतो. दुकानात हे करून बघताना गिटार आणि पॅडचे ट्रॅक नीट ऐका.

स्केल ट्यूनही (एकेक स्वर किंचित वर-खाली करायची सोय) तपासा. यामाहात प्रत्येक स्वर –६४ ते +६३ सेंटपर्यंत (शेजारच्या दोन कीजमधलं अंतर १०० सेंट) सरकवता येतो. हा बदल फक्त उजव्या हाताच्या भागाला लावा. स्टाइलला लागला तर मेलडी गोड आणि बेस बेसूर, असं होऊन बसेल.

मिक्सर_शेजारी:
हॉलचा विचार करता मागची बाजूही बघा. लेफ्ट आणि राइट वेगळे लाइन आऊट हवेत. स्वस्त कीबोर्डांवर पुष्कळदा हेडफोन आणि आऊटपुटचा एकच स्टिरिओ जॅक असतो. त्यात मोनो केबल घातली की उजवी बाजू ग्राउंडला लागते आणि तिकडचे आवाज गायब होतात. तिथे एका टोकाला स्टिरिओ आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना असलेली केबलच लागते. मिक्सरला मोनो द्यायचं असेल तर केबल ‘एल/एल+आर’ लिहिलेल्या जॅकमध्ये घाला. ताल वेगळ्या चॅनेलवर हवा असेल तर सब आऊट (मुख्य लाइन आऊटशिवायचे वेगळे जॅक) लागतात. ते एसएक्स९०० ला आहेत, ७०० ला नाहीत.

अडॅप्टर जास्तीचा घ्या, पण त्याच मॉडेलचा. एसएक्स७०० ला १६ व्होल्टचा लागतो, यामाहाच्या छोट्या कीबोर्डांचा १२ व्होल्टचा असतो. पिन बसली म्हणून लावू नका.

एसएक्स७०० हे २०१९ चं मॉडेल आहे आणि २०२४ मध्ये एसएक्स७२० आलं. दुकानदार जुना माल देत असेल तर भाव त्या हिशेबाने करा. दुकानात जाताना फॅट३२ फॉरमॅटचा पेन ड्राइव्ह, तुमच्या दोन-तीन स्टाइल्स आणि स्वतःचा सस्टेन पेडल (स्वर लांबवणारा) न्या. पेडलची पोलॅरिटी (दाबल्यावर चालू की बंद) कंपनीनुसार उलट असते. पाय उचलल्यावर स्वर लांबत असतील तर पेडल बिघडलेला नाही, सेटिंगमध्ये पोलॅरिटी फिरवा. आणि कीबोर्ड चालू करताना पेडलवर पाय ठेवू नका, कारण बरीच वाद्यं पोलॅरिटी त्याच क्षणी ओळखतात.