घरी जाऊन रुग्ण तपासण्यात समाधान मिळतं का?

प्रश्न:
एमडी मेडिसिन झालोय. ओपीडीत मान वर करायला फुरसत नाही. वृद्ध रुग्णांना घरी जाऊन तपासावं असं फार मनात आहे. पण तिथे ना लॅब, ना एक्स-रे. हाती काय लागतं?

प्रतिसाद १:
बरीच वर्षं हेच करतोय, आणि डॉक्टर झाल्याचं समाधान मला इथेच मिळालं. एक आजोबा सारखे तोल जाऊन पडायचे. दवाखान्यात बसवून घेतलेलं बीपी नॉर्मल. घरी आडवं झोपवून घेतलं, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तरी दखल घ्यावी लागते. त्यांचा वरचा त्याहून बराच खाली आला. औषधांचा डबा मागवला. प्रोस्टेटसाठीचं टॅमसुलोसिन दोन वेगळ्या ब्रँडच्या नावाने, दोन्ही रोज चालू! त्याने उभं राहताना बीपी पडू शकतं. एक बंद केलं. पुढच्या खेपेला दार त्यांनीच उघडलं. हा डबा ओपीडीत कोण आणतं?

प्रतिसाद २:
माझी आई अंथरुणाला खिळली आहे. डॉक्टर घरी आले, पाठीवरची लाल झालेली जागा पाहिली, कूस कशी बदलायची ते माझ्याकडून करून घेतलं. निघताना मला विचारलं, ‘तुमची झोप होते का?’ तोवर कुणीच विचारलं नव्हतं.

प्रतिसाद १:
@प्रश्नकर्ते, एक मात्र घरच्यांना आधीच बजावून ठेवा: छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं तर माझी वाट पाहू नका, थेट हॉस्पिटल गाठा.