मदत हवी आहे: द्राक्षबागेच्या जाळ्यात पक्षी मरतात, अण्णांना दुसरा पर्याय काय सांगू?

नमस्कार मंडळी,

आमची बाग निफाड तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वरच्या फुगवट्यापासून फार लांब नाही. थॉमसन जातीची द्राक्षं, वेली मांडवावर चढवलेल्या. बाग अण्णा (थोरले काका) बघतात. मी नाशकात नोकरीला, सुट्टीला जाऊन हातभार लावतो, म्हणजे बहुतेक वेळा नुसता सल्ला देतो. गोडी छाटणी (फळासाठीची) ऑक्टोबरात झाली, आता मण्यांत पाणी उतरायला लागलंय, म्हणजे ते मऊ पडतायत, आणि अण्णा लवकरच जाळं टाकणार. तेच गेल्या हंगामातलं, बारीक तंगुसाचं (नायलॉनच्या दोऱ्याचं).

त्या जाळ्यात साळुंक्या आणि बुलबुल अडकले हे एकवेळ समजू, ते द्राक्षं खायलाच येतात. पण वेडे राघू, कोतवाल, पिंगळे? यांतला कोणी घडाला चोचसुद्धा लावत नाही. तोड संपल्यावरही जाळं खरड छाटणीपर्यंत (तोडीनंतरच्या उन्हाळी छाटणीपर्यंत) तसंच मांडवावर राहिलं. बागेत एक घड नाही आणि पक्षी मात्र लटकतायत. शेवटी ते गुंडाळून नाल्याकडेला टाकलं, तर त्यात धामण गुरफटली. उंदीर ठिबकच्या नळ्या कुरतडतात म्हणून अण्णा वर्षभर वैतागलेले असतात, आणि उंदरांवर जगणारे पिंगळा नि धामण आपल्याच जाळ्यात मरतात.

आता अण्णांची बाजू, कारण नाशकात बसून ‘पक्ष्यांचाही वाटा असतो’ म्हणणं फुकट आहे. एका मण्याला चोच लागली की रस खालच्या मण्यांवर गळतो, माश्या बसतात, घड कुजायला लागतो. व्यापारी तो एक घड बाजूला काढून थांबत नाही, सगळ्या मालाचा भाव पाडतो. पहाटे भोरड्यांचा (पळसमैनांचा) थवा, रात्री वटवाघळं. डबे वाजवायला माणूस मिळत नाही. चकाकीच्या पट्ट्या, बुजगावणं, जुन्या साड्या सगळं करून झालं, पक्षी थोड्याच दिवसांत सरावतात. आम्ही फटाके लावले की थवा शेजारच्या बागेत, त्यांनी लावले की परत आमच्याकडे.

त्यामुळे ‘जाळं लावूच नका’ हा सल्ला कृपया देऊ नका, अण्णा ऐकणार नाहीत आणि मी तो सांगणारही नाही. पक्षी अडकणार नाहीत असं जाळं असतं का, कोणी वापरलंय का, एवढं कळलं तरी खूप. बांधावर उंबर, तुती, बोरी ठेवल्या तर पक्षी तिकडे वळतात की उलट जास्त येतात, यावरही घरात वाद आहे. आणि अडकलेला पक्षी नीट सोडवायचा कसा? आम्ही ओढाओढ करतो आणि पंख मोडतो.

प्रतिसाद (दिंडोरीहून)

दादा, तंगूस आधी फेकून द्या. म्हणजे जाळून नाही आणि नाल्यातही नाही, कापून भंगारात. ते पक्ष्याला दिसत नाही आणि सैल असतं, म्हणून गुंतवतं. जाळं जाड धाग्याचं, विणलेलं, पांढरं घ्या. भोक इतकं बारीक की तुमचं बोट आत जाऊ नये. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात घरगुती फळझाडांसाठी २०२१ पासून हा नियमच आहे: जाळं पूर्ण ताणल्यावरही भोक ५ मिमी बाय ५ मिमीपेक्षा मोठं नको. भोक बारीक असलं की डोकं, पाय, पंख काहीच आत जात नाही.

दुसरं, तुमचा मांडव आहे. वर पानांचं छत, घड खाली. म्हणजे पक्षी जास्त करून कडेच्या ओळींतून शिरतात. आम्ही चारही बाजूंनी जाळ्याचे पडदे लावले आणि वर फक्त जिथे छत विरळ आहे तिथेच जाळं टाकलं. बांबूला खाटेच्या नवारीसारखं ताणून बांधायचं, खालची कड मातीत दाबायची. खर्च सुरुवातीला जास्त होतो, पण नीट गुंडाळून ठेवलं तर तेच जाळं पुढच्या हंगामांना चालतं. शेवटचा घड तुटला की त्याच दिवशी मजुरांकडून उतरवून घ्या. नंतर कोणी हात लावत नाही.

प्रतिसाद

५ मिमीचं जाळं सगळीकडून बंद केलं तर हवा कोंडेल, भुरी या बुरशीजन्य रोगाचं काय? कागदावर छान वाटतं हो. आधी दोन कडा करून बघा, मग बाकीचं ठरवा. उंबर-तुतीचं म्हणाल तर माझा अनुभव असा की भोरड्यांचा मोठा थवा झाड बघून येत नाही, तो द्राक्षासाठीच उतरतो. बुलबुलांना मात्र थोडा फरक पडतो. तरी बांधावरची झाडं तोडू नका, कोतवाल तिथूनच अळ्या-किडे टिपतो.

प्रतिसाद (नाशिकहून, हौशी पक्षीनिरीक्षक)

आधी सोडवण्याचं सांगतो. पक्ष्यावर सुती फडकं टाका, डोळे झाकले की तो शांत होतो. मग ओढू नका. लहान कात्रीने त्याच्या भोवतीचे धागे कापा, जाळ्यासकटच बाजूला घ्या, बाकीचे सावलीत बसून एकेक काढा. पायाची नखं शेवटी. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं. उडत नसेल तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावा. पिंगळा किंवा घार हाताळताना चामड्याचे हातमोजे घाला.

कायद्याचंही अण्णांच्या कानावर घाला, पण धमकी म्हणून नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत फास लावणं, सापळ्यात पकडणंही येतं. पीक राखायला जाळं लावणं वेगळं आणि मुद्दाम पक्षी धरणं वेगळं. पण अडकलेला पोपट पिंजऱ्यात ठेवला तर सरळ गुन्हा.

भोरड्यांबद्दल एक सांगू? या पळसमैना मध्य आशियाकडून हिवाळ्यासाठी येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. चीनच्या शिनजियांगमध्ये त्या टोळ खातात म्हणून शेतकरी त्यांना घरटी करायला दगडांचे ढीग रचून देतात. तुमच्या घडांवर पडतात त्या याच. नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), त्याच्या आजूबाजूच्या बागा जाळ्याच्या बाबतीत सुधारल्या तर पाणथळीबाहेर चरायला जाणाऱ्या पक्ष्यांनाही फायदा होईल.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. दिंडोरीच्या दादांचा प्रतिसाद अण्णांना फोनवर वाचून दाखवला. ‘बांबू कोण देणार?’ हा पहिला प्रश्न आला, म्हणजे अर्धं काम झालंय. वाऱ्याच्या बाजूची आणि नाल्याकडची अशा दोन कडा या हंगामात करू. भुरीची शंका मलाही पटली, म्हणून वरचं छत मोकळंच ठेवतोय.

एक विचारायचं राहिलं. पिंपळगाव किंवा नाशिकमध्ये विणलेलं बारीक जाळं मीटरवर कुठे मिळतं? सगळे दुकानदार शेडनेटच दाखवतात, त्याने घडांवर सावली पडेल. रविवारी गावी जाणार आहे, त्याआधी कळलं तर गाडीतच टाकून नेतो.