मदत हवी आहे: कुत्रीची नसबंदी, चौथा मजला, लिफ्ट नाही

नौपाडेकर:
देशी कुत्री, वय दीड वर्ष, वजन १६ किलो, लसी पूर्ण. हीटचं (माजाचं) रक्त थांबून तीन आठवडे झालेत. येत्या शनिवारची तारीख मिळतेय. ठाण्यातली जुनी इमारत, लिफ्ट नाही, शू-शीला खालीच जाते, त्यात हा पाऊस. तयारी काय करू? रक्ततपासणी लागतेच का?

गोचीडमार:
शनिवार सोडा. हीटनंतर साधारण दोन महिने प्रोजेस्टेरॉन (गर्भधारणेचं संप्रेरक) चढलेलं असतं. त्यात अंडाशय काढलं की ते एकदम कोसळतं आणि खोटी गर्भधारणा होऊ शकते: आचळात दूध, खेळणी कवटाळून बसणं, चिडचिड. रक्त थांबल्यापासून अडीच-तीन महिन्यांनी करा. मधल्या काळात पाणी फार प्यायला लागली, जेवण सोडलं किंवा खालून स्राव आला तर थांबू नका. गर्भाशयात पू झालेला असू शकतो, मग ऑपरेशन त्याच दिवशी.

रक्ततपासणी लागतेच. आपल्याकडे गोचीड बारमाही, आणि टिक फीवर (गोचीड चावून होणारा ताप) अंगात असूनही कुत्री उड्या मारत असते. प्लेटलेट्स कमी असल्या तर रक्त थांबत नाही. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हर, किडनी करून घ्या. मशीनने प्लेटलेट्स कमी दाखवल्या तर स्लाइडवर मोजायला सांगा. गुठळ्या झाल्या की मशीन चुकतं. एर्लिकिया (टिक फीवरचा जंतू) निघाला तर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सहसा २८ दिवस चालतं, म्हणून तपासणी ऑपरेशनच्या महिनाभर आधी एकदा आणि आदल्या आठवड्यात पुन्हा.

आदल्या रात्री दहाला शेवटचं हलकं जेवण. पाणी सकाळपर्यंत चालेल. "बिचारी उपाशी" म्हणून कोणी बिस्किट देणार नाही हे घरात बजावा. भुलीत उलटी झाली तर थेट फुप्फुसात जाऊ शकते.

नौपाडेकर:
जिन्याचं काय? आणि बाल्कनीत ती करतच नाही.

खारघरची मनी:
उचलून न्या. एक हात छातीपुढून, दुसरा मांड्यांच्या मागून. पोटाखालून टॉवेल घालून उचलायची पद्धत इथे चालत नाही, टाके तिथेच आहेत. बाल्कनीची सवय आत्तापासून लावा, दोन महिने आहेतच. खाली तिने जिथे शू केली तिथे रद्दी टेकवून ती बाल्कनीतल्या पायपुसण्याखाली ठेवा. वासावर बहुतेक कुत्री शिकतात.

पहिल्या रात्री पंखा मंद, खाली गोधडी. पूर्ण शुद्धीवर आल्यावर नेहमीच्या पाव हिस्सा जेवण.

गोचीडमार:
टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालतात तो कोन नाकाच्या टोकापुढे दोन-तीन बोटं आला पाहिजे. दुकानात हमखास आखूड देतात. चौथ्या-पाचव्या दिवसापासून टाक्यांना खाज सुटते, आणि नेमका तेव्हाच "आता बरी आहे" म्हणून कोन काढला जातो. रात्रीत टाके उघडतात. टाके निघेपर्यंत, म्हणजे १० ते १४ दिवस, कोन राहू द्या. पावसात कोनाऐवजी अंगात घालायचा कापडी सूट नको, ओला कपडा जखमेला चिकटतो. आंघोळ नाही, हळद तर नाहीच.

दुखण्याचं औषध डॉक्टरांनी वजनावर दिलेलं तेवढंच, जेवणानंतर. घरातलं आयबुप्रोफेन कधीच नाही. कुत्र्यांच्या पोटात अल्सर होतो, किडनी जाते.

पहिले दोन दिवस ओठ वर करून हिरडी बघा. बोटाने दाबली की पांढरी होते, दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवी. मुळातच फिकट असेल किंवा पोट फुगत असेल तर आतून रक्तस्राव धरा आणि रात्र असली तरी निघा. रात्री उघडं असणारं क्लिनिक कुठलं, तो नंबर आधीच काढून ठेवा.

खारघरची मनी:
टाके निघाल्यावर खाणं पाव हिस्सा कमी करा, नाहीतर वजन वाढतं. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत.