सुरक्षा-बोटीवर स्वयंसेवक : वेळ नेमका किती जातो?

शिडाच्या होड्या, कयाक, नदीतल्या शर्यती यांच्यासोबत सुरक्षा-बोटीवर असणाऱ्यांनी वेळेचा खरा हिशेब इथे लिहावा. नवीन माणसं 'रविवारचे दोन तास' समजून येतात आणि लवकरच गळतात.

मांडवीकाठ, बेती
पाण्यावर ३ तास असाल तर काठावर आणखी २ धरा. निघण्याआधी इंधन, प्राइमर बल्ब (इंधनाच्या नळीतला रबरी फुगा) दाबल्यावर घट्ट होतो का, किल-कॉर्ड (चालकाच्या अंगाला अडकवायची दोरी) ओढली की इंजिन बंद पडतं का, हे बघायचं. व्हीएचएफची (बोटीवरच्या रेडिओची) चाचणी कामाच्या चॅनेलवर घ्या, चॅनेल १६ संकटासाठी मोकळा ठेवा. परतल्यावर आउटबोर्डमधून (बोटीच्या मागे लावलेल्या इंजिनातून) १० ते १५ मिनिटं गोडं पाणी फिरवायचंच. नाहीतर मीठ पाण्याच्या वाटांत बसतं, इंजिन थंड करून मागून बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक होते आणि पुढच्या वेळी कुणाला ओढून आणताना इंजिन तापून बंद पडतं. नेमकं याच वेळी लोक घरी जायला निघतात. जो धुवायला थांबतो, तोच खरा टिकणारा माणूस.

शिवोलीकर
वेळापत्रक घड्याळावर लावू नका, भरती-सुकतीवर (सुकती म्हणजे ओहोटी) लावा. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. म्हणजे या रविवारी सकाळी ८ ला भरती असेल, तर पुढच्या रविवारी त्याच वेळी जवळपास सुकती असते. शापोरा नदीसारख्या मुखाशी तेव्हा वाळूच्या पट्ट्यावर पाणी उथळ होतं आणि बोट तिथेच अडकून बसते. दुपारनंतर वायव्येचा वारा आत ढकलतो, सुकती बाहेर ओढते, लाट उभी राहते. अशा पाण्यात ओढकाम सावकाशच करावं लागतं; घाई केली तर मागची होडी आडवी जाते किंवा ओढदोर बांधलेला खुंटा उपटतो. पाळी दुपारी १ ला संपते म्हणून ४ वाजता दुसरं काम ठरवू नका.

जॅकेटं सांभाळणारी, दोनापावला
पाण्यावर जायला जमत नसेल तर लाइफ-जॅकेटं तपासायचं काम घ्या. महिन्याला एक सकाळ. आपोआप फुगणाऱ्या जॅकेटचा गॅस-सिलिंडर हाताने घट्ट करायचा (हादऱ्यांनी सैल होतो), काट्यावर तोलून सिलिंडरवर कोरलेल्या वजनाशी ताडायचा. पावसाळ्यात बंद खोलीतल्या दमटपणानेही आतली, पाणी लागताच विरघळून जॅकेट फुगवणारी गोळी विरघळते आणि जॅकेट टांगल्या जागी फुगतं.

बेतूल
१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून आपलंही काम बंद असं समजू नका. शिकायचा काळ तोच. 'आपदा मित्र' (आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांची सरकारी योजना) याचं प्रशिक्षण १२ दिवसांचं असतं, रजा आधीच मागून ठेवा. आणि प्रत्येक पाळीला काठावर एक माणूस हवाच : बोट किती वाजता निघाली, आत किती जण, परत कधी येणार, हे त्याच्या वहीत पाहिजे. ठरलेली वेळ टळली आणि रेडिओवर उत्तर नसेल, तर त्याने तटरक्षक दलाला १५५४ वर फोन लावायचा.