अनुभव धागा: कॅन्ससचं बास्केटबॉल आणि आपण

मार्च लागला की अमेरिकेतल्या ऑफिसांमध्ये ब्रॅकेटचे कागद (कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत कोण जिंकेल याच्या अंदाजांचे तक्ते) फिरायला लागतात, आणि त्यात कॅन्सस विद्यापीठ बहुतेक वेळा असतंच. आपल्यातले बरेच जण विद्यापीठाच्या गावी, लॉरेन्सला शिकलेत, राहिलेत, निदान एखादी चक्कर तरी मारून आलेत. तर लिहा. स्कोअर नकोत, ते कुठेही सापडतात. सुरुवात मीच करतो.

डॉ. जेम्स नाइस्मिथ यांनी हा खेळ १८९१च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डला काढला, हे शाळेत वाचलं होतं. तेच पुढे १८९८ला लॉरेन्सला आले आणि कॅन्ससचे पहिले कोच झाले, हे मात्र तिथे गेल्यावर कळलं. ५५ जिंकले, ६० हरले. विद्यापीठाच्या आजवरच्या कोचांमध्ये हरण्याचं पारडं जड असलेला माणूस एकच, आणि तो कोण, तर खेळ शोधणारा! त्यांचे मूळ १३ नियम ॲलन फील्डहाउसशेजारच्या (संघाचं घरचं स्टेडियम) डीब्रूस सेंटरमध्ये आहेत. २०१०च्या लिलावात ४३ लाख डॉलर मोजले गेले त्यांना. प्रत्यक्षात टाइप केलेली दोन पानं, खाली शाईची सही. सोसायटीच्या नोटिशीइतका मजकूर.

एम.एस.वाला, आता पुण्यात

कॅम्पिंगबद्दल, म्हणजे सामन्याच्या जागांसाठी विद्यार्थ्यांनी लावलेल्या रांगेबद्दल, लिहायलाच हवं. चांगली जागा हवी तर गट करून फील्डहाउसमध्ये नंबर लावायचा. दिवसभरात कधीही हजेरी होते, आणि त्या वेळी गटातलं कुणीच नसलं की नंबर गेला. आमच्या गटात पाळ्या ठरलेल्या. मी तिथल्या पायऱ्यांवर बसून थर्मोडायनॅमिक्सची गणितं सोडवलीत, डब्यातली पोळीभाजी खाल्लीय. शेजारचा मुलगा लोणचं मागून खायचा.

७ एप्रिल २००८, राष्ट्रीय स्पर्धेची फायनल, समोर मेम्फिस. दोन मिनिटं उरली असताना आम्ही नऊ गुणांनी मागे. घरमालकीणबाईंनी टीव्ही बंद करायला घेतला होता. मेम्फिसचे फ्री थ्रो हुकत गेले आणि २.१ सेकंद उरले असताना मारियो चाल्मर्सने तीनचा बास्केट टाकून बरोबरी साधली. ओव्हरटाइममध्ये जिंकलो. मग सगळं गाव मॅसॅच्युसेट्स स्ट्रीटवर. मला थेट लक्ष्मी रोडची विसर्जन मिरवणूक आठवली, फक्त ढोल नव्हते.

कॅन्सस सिटीचे काका

तुमचं २००८ ठीक आहे, पण इथल्या जुन्या लोकांना विचारा, ते १९५७वर येतात. विल्ट चेंबरलेनचा (पुढे व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये गाजलेला खेळाडू) कॅन्सस संघ फायनलला नॉर्थ कॅरोलिनाकडून तीन ओव्हरटाइमनंतर ५४-५३ने हरला. एका गुणाने! विल्टने तो सल आयुष्यभर बाळगला, विद्यापीठाकडे फिरकायचंही टाळलं. १९९८च्या जानेवारीत त्याच्या सन्मानार्थ फील्डहाउसमध्ये त्याची जर्सी टांगली तेव्हा मी वरच्या रांगेत होतो. कॉलेजातलं जुनं जॅकेट घालून आला आणि म्हणाला, आपण तुम्हाला निराश केलं असं वाटायचं. टाळ्या थांबेचनात. माझ्या पुढचे आजोबा चक्क रडत होते. ते ५७चे विद्यार्थी असावेत.

नागपूर, शारीरिक शिक्षण शिकवते

मी लॉरेन्सला कधी गेले नाही, तरी लिहिते. मी वर्गात जॉन मॅक्लेन्डन यांच्याबद्दल दरवर्षी सांगते. १९३०च्या दशकात ते कॅन्ससला शिकत होते, मार्गदर्शक खुद्द नाइस्मिथ. पण कृष्णवर्णीय म्हणून विद्यापीठाच्या संघात जागा नाही. खेळ शोधणाऱ्याकडून शिकायचं आणि त्याच गावात खेळायचं नाही! त्यांनी मग दुसरीकडे कोचिंग केलं, वेगवान खेळ घडवला, टेनेसी ए अँड आय या कॉलेजला १९५७ ते ५९ सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. धाग्यात कॅन्ससचे जुने कोच फॉग ॲलन, विल्ट सगळे येतील, हे नाव राहून जाऊ नये.

मुलीकडे गेलेली आई, नाशिक

मला खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण लेकीबरोबर फील्डहाउसमध्ये सामन्याला गेले, तर पाहुण्या संघाची नावं पुकारायला लागले तशी ही सगळी पोरं पेपर उघडून वाचत बसली! मी लेकीला म्हटलं, काय गं हा उद्धटपणा? आणि आपल्या संघाचं नाव आलं मात्र, त्याच पेपरांचे तुकडे हवेत. माझ्या केसांतून घरी येईपर्यंत कागद निघत होते. आवाजाने कान बधिर झाले ते वेगळंच.

मॅनहॅटन, कॅन्सस (हो, के-स्टेट!)

आमच्याकडूनही, म्हणजे शेजारच्या कॅन्सस स्टेट विद्यापीठाकडूनही, एक नोंद घ्या. १ मार्च १९५५ला ॲलन फील्डहाउसचं उद्घाटन झालं, त्या सामन्यात समोर कोण होतं? आम्हीच. हरलो, अर्थात. तेव्हापासून तिथे जाऊन हरायची सवय लागलीय म्हणा. काका, १९९८च्या त्या दिवशीही पाहुणा संघ आमचाच होता, हे लिहायचं बरं विसरलात! पुढच्या वेळी दोन तिकिटं मिळाली तर कळवा, जांभळा शर्ट घालून येतो.