डायमंडबॅक घेऊन फक्त भटकायचंय: कृत्तिका आधी की थेट आकाशगंगेचं केंद्र?

लक्ष्मीनगर_लाइटइयर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. एलिट डेंजरस या अवकाशातल्या व्हिडिओ गेममध्ये माल वाहून कंटाळा आला, आता नुसतं बघत फिरायचं आहे. लढाई नकोच. वाटेत कमाई झाली तर घेऊ. हाताशी डायमंडबॅक एक्सप्लोरर हे जहाज आहे, दुकानातून आली तशीच. खात्यात १ कोटी ४० लाख क्रेडिट.

जहाजात काय बदलू आणि पहिली फेरी कुठे काढू? मनात थेट सॅजिटेरियस ए, म्हणजे आकाशगंगेच्या केंद्रातलं कृष्णविवर आहे. रोज रात्री तासभर मिळतो. आमच्याकडे मे महिन्यात लाइट कधीही जाते, तेव्हा गोळा केलेला डेटा उडतो का? आणि न्यूट्रॉन ताऱ्यावरून लांब उडी मारतात म्हणे, ते नवख्याला जमतं का?

खामला_कमांडर

भाऊ, पहिले जहाज. डायमंडबॅक भटकंतीला चांगली आहे, गरम होत नाही आणि कुठेही उतरते. महागडं जहाज घ्यायची घाई करू नको.

सगळ्यात आधी फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह, म्हणजे ताऱ्याताऱ्यांत उडी मारणारं इंजिन, ५ए कर (आकडा म्हणजे आकार, अक्षर म्हणजे प्रकार). साधा ५ए सुमारे ५१ लाखांना पडतो. एससीओवाला (सुपरक्रूझ ओव्हरचार्ज) ५ए मिळाला तर तोच घे, त्याची उडी साध्यापेक्षा लांब जाते. मग ४ए फ्युएल स्कूप, म्हणजे ताऱ्यातून इंधन ओढणारं यंत्र, साधारण साडेअठ्ठावीस लाख. इथे कंजुषी करायची नाही. ४ए स्कूप सेकंदाला ३४२ किलो ओढतो, म्हणजे १६ टनाची रिकामी टाकी पाऊण मिनिटात भरते. स्वस्तातला स्कूप लावला की प्रत्येक ताऱ्यापाशी तीनचार मिनिटं उभं राहावं लागतं, आणि तासभरच खेळायचं तर निम्मा वेळ त्यातच जातो.

बाकी सगळं डी. थ्रस्टर, लाइफ सपोर्ट, सेन्सर, डिस्ट्रिब्युटर, सगळ्यांत डी प्रकार वजनाला हलका, आणि वजन कमी म्हणजे उडी लांब. पॉवर प्लँट मात्र ए, कारण तो कमी तापतो. शस्त्रं सगळी उतरव. शील्ड ३डी ठेव. शील्ड काढून टाका सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नको. उतरताना खडकाला जरा घासलं तरी शील्ड नसेल तर थेट सांगाड्याला मार बसतो.

जागा अशा भर: एका ४ नंबरात स्कूप, दुसरी ४ नंबरची गार्डियन बूस्टर या उडी वाढवणाऱ्या भागासाठी मोकळी ठेव (त्या आकारात तो उडी ९.२५ प्रकाशवर्षांनी वाढवतो). एका ३ नंबरात शील्ड, दुसऱ्यात एएफएमयू म्हणजे सुटे भाग दुरुस्त करणारं युनिट. २ नंबरात गाडी. उरलेल्या छोट्या जागेत डिटेल्ड सरफेस स्कॅनर (ग्रह मॅप करणारा), अडीच लाखांचा. बाहेरच्या युटिलिटी जागेत हीटसिंक लाँचर (जहाजाची उष्णता बाहेर टाकणारा). डिस्कव्हरी स्कॅनर आणि एफएसएस (प्रणालीतले ग्रह शोधणारा स्कॅनर) २०१८ पासून प्रत्येक जहाजात असतातच, जुने व्हिडिओ बघून वेगळे शोधत बसू नको.

एएफएमयू सांगाडा दुरुस्त करत नाही, फक्त मॉड्यूल. आणि चालू मॉड्यूल दुरुस्तीला लावलं की ते बंद पडतं. सुपरक्रूझमध्ये, म्हणजे प्रणालीच्या आत वेगाने जाताना, ड्राइव्ह दुरुस्तीला लावला की जहाज धाडकन बाहेर फेकलं जातं. आधी थांब, साध्या अवकाशात ये, मग लाव.

इतकं करून खात्यात थोडे उरतात. जहाज फुटलं तर परत मिळवायला किमतीच्या ५ टक्के लागतात, तेवढे कधीही खर्चायचे नाहीत.

धंतोली_दुर्बीण

सॅजिटेरियस ए पहिल्याच फेरीत नको. अंतर जवळजवळ २६,००० प्रकाशवर्षं. ४० ची उडी धरली तरी साडेसहाशे उड्या, मिनिटाला एक म्हटलं तरी अकरा तास, तेही वाटेत काहीही न बघता. आणि तिथे पोचल्यावर तेजस्वी तबकडी वगैरे काही नाही. काळा ठिपका, आणि त्याच्याभोवती मागचे तारे वाकलेले. सुंदर आहे, पण ज्याने वाटेत काहीच पाहिलं नाही त्याची निराशा होते.

पहिली फेरी कृत्तिकांची काढा. मानवी वस्तीपासून सुमारे ४०० प्रकाशवर्षं, साध्या ड्राइव्हलाही दोन संध्याकाळी पुरतात. तिथल्या माया प्रणालीत मुख्य निळ्या ताऱ्याच्या जोडीला खेळात एक कृष्णविवर ठेवलं आहे, त्यामुळे केंद्रात जे बघायला जायचं त्याची लहान प्रत इथेच मिळते. निळ्या धुक्यातून मागे वळून सूर्य शोधा. एवढ्या अंतरावरून तो दहाव्या प्रतीचा होतो, नुसत्या डोळ्यांना दिसणारच नाही. थंडीत पेंचमध्ये सिल्लारीला जाऊन (२०२४ पासून ते भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क आहे) कृत्तिकांचा पुंजका पाहिला असेल, तर खेळात त्याच्या आत शिरल्यावर काय वाटतं ते वेगळं सांगायला नको.

या फेरीचा दुसरा फायदा. मायामध्ये डार्नील्स प्रोग्रेस नावाचा तळ आहे. साठा असेल तर तिथून १ टन मेटा-अलॉय हा माल उचला. डेसियाट प्रणालीतली फेलिसिटी फारसीर ही इंजिनियर तेवढ्यावर दार उघडते आणि ड्राइव्हची उडी पाचव्या श्रेणीपर्यंत वाढवून देते. तिचं आमंत्रण यायला एक्सप्लोरेशनमध्ये स्काउट दर्जा लागतो. तो या फेरीचा डेटा विकला की बहुधा मिळून जातो. डेसियाटला मात्र सोलो मोडमध्येच (एकट्याने खेळायचा) जा. ओपनमध्ये, जिथे सगळे खेळाडू एकत्र असतात, तिथे नवख्यांची शिकार करायला लोक टपून बसलेले असतात.

मग मृग नक्षत्रातला तेजोमेघ, १,३०० हून थोडा जास्त. वाटेत काही पट्टे परवाना नसल्यामुळे बंद दिसतील, कोल ७० सेक्टर त्यातलाच. ते कुणालाच उघडत नाहीत, आपलं काही चुकलं असं समजू नका. ध्रुवताराही बंद आहे.

खामला_कमांडर

इंधनाचं राहिलं. ५ नंबरचा ड्राइव्ह पूर्ण लांबीच्या उडीला सुमारे ५ टन खातो. टाकी १६ ची, म्हणजे तीन उड्या, बस. म्हणून गॅलेक्सी मॅपमध्ये तारा प्रकार गाळून घे: ओ, बी, ए, एफ, जी, के, एम एवढेच ठेव आणि हीच चाळणी मार्गालाही लावणारा पर्याय चालू कर. स्कूप फक्त याच सात प्रकारांतून भरतो. एल, टी, वाय हे तपकिरी बटू, टी टॉरी, वुल्फ-रायेट, कार्बन तारे, काहीच देत नाहीत. दिसतात चांगले तापलेले, म्हणून माणूस फसतो.

भरताना नाक ताऱ्यात खुपसायचं नाही, कडेने घासत जायचं. इंधन भरण्याचा वेग वाढतो तसं तापमानही चढतं. ७० च्या आसपास स्थिर राहिलं की वेग कमी करून तिथेच रेंगाळ. १०० ओलांडलं की मॉड्यूल भाजायला लागतात. फारच आत गेला तर जहाज आपोआप बाहेर पडतं आणि तापत राहतं. तेव्हा हीटसिंक सोड, थ्रॉटल शून्य, ड्राइव्ह थंड होऊ दे, मग एस्केप व्हेक्टरवर (पडद्यावर दिसणारी सुटकेची दिशा) नाक धरून निघ.

प्रत्येक उडी संपायच्या आत थ्रॉटल शून्यावर. ही सवय लागली नाही तर एक दिवस दोन तारे चिकटलेल्या जागी सरळ दुसऱ्यात घुसशील.

वर्धारोड_वॉरंटी

इंधन संपलंच तर: प्रवास थांबवा, आणि पडद्यावर ऑक्सिजनचं उलटं घड्याळ सुरू झालं की ताबडतोब मेन मेनूवर जा. डी प्रकारच्या लाइफ सपोर्टला साडेसात मिनिटंच मिळतात. मग बाहेरून फ्युएल रॅट्सना हाक मारा. २०१५ पासून खेळाडूंचा हा गट फुकट इंधन आणून देतो. तेच सांगतील तेव्हाच परत आत यायचं, आधी नाही.

लाइट गेली तर डेटा जात नाही. तो सर्व्हरवर असतो, परत आलात की जहाज त्याच प्रणालीत उभं. डेटा जातो जहाज फुटलं तर, आणि मग तो कायमचा. म्हणून दोन-तीन हजार प्रकाशवर्षांत एखादं स्टेशन सापडलं की विकून मोकळे व्हा. सोलोलाही नेट लागतंच, त्यामुळे राउटरही इन्व्हर्टरवर घ्या.

लॅपटॉप असेल तर मे महिन्यात फ्रेम ६० ला बांधा, सुपरसॅम्पलिंग १.० च्या वर नेऊ नका. अवकाशात काही वाटत नाही, ग्रहावर पाय ठेवला की पंखा ओरडायला लागतो. आणि कूलरच्या ओल्या झोतात लॅपटॉप ठेवू नका राजेहो.

लक्ष्मीनगर_लाइटइयर

खूपच कामाचं. मग कृत्तिका पक्की. न्यूट्रॉनबद्दल कुणीच बोललं नाही. आणि ग्रहावर उतरून वनस्पतींचे नमुने घेतात, त्यात खरंच पैसे आहेत का?

धंतोली_दुर्बीण

न्यूट्रॉन ताऱ्याच्या झोतातून गेलात की पुढची एक उडी चौपट होते. श्वेत बटूवरून दीडपट. श्वेत बटूच्या नादी लागूच नका, झोत ताऱ्याला इतका चिकटून असतो की बंदी असलेल्या वर्तुळात घुसायला वेळ लागत नाही. न्यूट्रॉनला झोताच्या टोकाकडून, ताऱ्यापासून दूर राहून आडवे शिरा. जहाज भोवऱ्यासारखं फिरायला लागतं, तेव्हा भांडू नका. नाक ताऱ्यापासून बाहेरच्या बाजूला ठेवत राहा, काही सेकंदांत चार्ज झाल्याचा संदेश येतो, मग सरळ बाहेर. दर वेळी ड्राइव्हचं १ टक्का नुकसान. ८० च्या खाली जाऊ देऊ नका, एएफएमयू तेवढ्यासाठीच. आणि न्यूट्रॉनवर इंधन मिळत नाही, टाकी आधी भरलेली हवी.

पण बघायला निघालेल्या माणसाने हे शिकून ठेवावं, वापरावं परतताना. दर उडीला दीडशे प्रकाशवर्षं ओलांडली तर मधलं काय दिसणार?

खामला_कमांडर

ते बरोबर नाही बावा. हजारभर प्रकाशवर्षं वस्तीभोवतीचे सगळे तारे लोकांनी आधीच नोंदलेत. स्वतःच्या नावाची पाटी हवी तर तो पट्टा न्यूट्रॉनने झटकन ओलांडायचा, मग सावकाश.

पैसे आहेत, भरपूर. आर्टेमिस सूट दीड लाखांचा. ग्रह स्कॅनरच्या प्रोबने मॅप कर, जैविक खुणा असतील तिथे उतर, प्रत्येक जातीचे तीन नमुने. तिन्ही एकमेकांपासून ठरावीक अंतरावर हवेत, नाहीतर यंत्र घेत नाही: टसॉकला २०० मीटर, बॅक्टेरियम आणि स्ट्रॅटमला ५००, ऑसियसला ८००. एक जात अर्धी ठेवून दुसरीचा नमुना घेतला की पहिलीची मोजणी पुसली जाते, इथेच सगळे चुकतात. स्ट्रॅटम टेक्टोनिकास सापडली तर एका संचाचे १ कोटी ९० लाख, आणि तू पहिलाच असशील तर पाचपट. पातळ हवा असलेल्या, धातू जास्त असलेल्या ग्रहांवर शोध. विकायचं व्हिस्टा जीनोमिक्सला.

उतरण्याआधी सिस्टिम मॅपमध्ये गुरुत्व बघ. सुरुवातीला अर्ध्या जीच्या आतलेच ग्रह. जास्त असेल तर नाक सपाट ठेवून, खालचा वेग कमी करत उतर, बूस्ट अजिबात नको.

वर्धारोड_वॉरंटी

फोटोसाठी: बाहेरचा कॅमेरा कंट्रोल, ऑल्ट, स्पेस. मोठ्या आकाराचा फोटो ऑल्ट आणि एफ१०, तोही फक्त सोलोमध्येच निघतो. चित्र बनायला काही सेकंद पडदा थिजतो, हँग झालं समजून खेळ बंद करू नका.

लक्ष्मीनगर_लाइटइयर

५ए आणि स्कूप घेतला. शनिवारी रात्री मायाकडे निघतोय, मेटा-अलॉयचा साठा होता की नाही ते इथेच टाकतो.