परीक्षा, मेस आणि व्यायाम: तुमचं कसं जमतं? अनुभव लिहा

पेठेतली अभ्यासू

नमस्कार मंडळी. मी पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेचा अभ्यास करतेय. मागच्या महिन्यात आमच्या अभ्यासिकेतली एक मुलगी जिन्यातच चक्कर येऊन पडली, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठच्या खाली. डॉक्टरांनी काय खातेस विचारलं तर म्हणाली सकाळी चहा आणि क्रीमरोल, दुपारी मेसचा डबा दोघींत एक, रात्री भूकच नसते. आणि खरं सांगायचं तर आमच्या मजल्यावर थोड्याफार फरकाने सगळ्यांचं हेच चाललंय, पैसे वाचवायचे म्हणून डबा अर्धा आणि वेळ वाचवायचा म्हणून चालणंसुद्धा बंद. घरून फोन आला की जेवलीस का, हो जेवले, संपला विषय.

म्हणून हा धागा. ज्यांनी अभ्यास, कॉलेज, नोकरी सांभाळून खाणं आणि व्यायाम बऱ्यापैकी टिकवलाय त्यांनी लिहा, काय खाता, कधी करता, पैसे किती जातात, आणि मुख्य म्हणजे कंटाळा येतो तेव्हा कशामुळे उठता. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच जोर असतो, मला चौथ्या महिन्याबद्दल ऐकायचंय. व्हिडिओच्या लिंका नकोत प्लीज, स्वतः केलेलं सांगा.

माझं सांगते. आम्ही तिघी सकाळी पर्वतीला जातो, १०३ पायऱ्या, दोनदा वर-खाली, आणि सातच्या आत अभ्यासिकेत जागा पकडायला हजर. एकटीने मी हे कधीच टिकवलं नसतं. तिघींतली एक जण खालून हाक मारते, आणि दुसरी हाक गेली तर घरमालकीण काकू जाग्या होतात, त्यामुळे पहिल्या हाकेलाच उतरावं लागतं. गेलं वर्षभर हे चालू आहे ते त्या हाकेमुळे, माझ्या निश्चयामुळे वगैरे नाही.

ग्राउंडवाला

मी पोलीस भरती करतोय, जिल्हा सांगत नाही पण मराठवाडा. आमच्यात ग्राउंडचे, म्हणजे मैदानी चाचणीचे, ५० मार्क असतात त्यामुळे व्यायाम करू की नको हा प्रश्नच येत नाही. मुलांना १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदात बसलं तर पूर्ण वीस, त्याच्या पुढे मार्क गळायला लागतात. मुलींना ८०० मीटर. गोळा मुलांचा ७.२६ किलोचा.

ताई तुम्ही चौथ्या महिन्याचं विचारलं म्हणून लिहितो. चौथ्या महिन्यात पोरं सुटतात ती कंटाळ्याने कमी आणि शिन पेनने जास्त. डांबरी रोडवर रोज फुल स्पीड, बूट झिजलेले, मग नडगी दुखायला लागते, मग आठ दिवस बंद, मग पुन्हा पहिल्यापासून. आमचे सर पळायला मऊ मातीच लावतात आणि आठवड्यात एक दिवस लांब पल्ला सावकाश, एक दिवस स्पीड, एक दिवस पूर्ण आराम. आरामाच्या दिवशी कुणी पळताना दिसलं तर सर रागावतात.

खाण्याचं म्हणाल तर रात्री भिजवलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ, दोन केळी, जमलं तर दूध, आणि जेवणात भाकरी. यापलीकडे काही नाही. ग्राउंडच्या आधी कोण इंजेक्शन देतो, गोळी देतो म्हणून सांगत येतात, त्यांच्या नादाला कुणी लागू नका, भरती परत येईल, तब्येत गेली तर येत नाही.

इंटर्न आहे

मी एमबीबीएस करून आता इंटर्नशिप करतेय. आधी त्या मुलीबद्दल. बाईमाणसाचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया म्हणतात आणि ८ च्या खाली म्हणजे तीव्र, तिथे बीट-खजूर खा सांगून भागत नाही. औषध पूर्ण घ्यायचं, आणि कारण शोधायचं, पाळीत जास्त रक्त जातंय का, जंत आहेत का, हे तपासून घ्यायला लावा तिला. बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडणाऱ्या मुली मी ओपीडीत फार बघते, शरीरातला साठा भरून यायला त्यानंतरही काही महिने लागतात.

आणि चहा. जेवणासोबत किंवा जेवल्या जेवल्या चहा घेतला की अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. तासाभराचं अंतर ठेवा. उलट उसळीवर, पालेभाजीवर लिंबू पिळलं तर फायदा होतो. एवढं जरी केलं तरी त्याच डब्यातून जास्त मिळतं, एक रुपया जादा न घालता.

व्यायामाचं माझं मत जरा वेगळं आहे. नाईट ड्युटीनंतर मी व्यायाम करत नाही, झोपते. चार तास झोपून धावायला जाणाऱ्यांचं कौतुक करायची पद्धत पडलीय ती मला पटत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे भरभर चालणंसुद्धा धरून, आणि दोन दिवस ताकदीचा. ते एका दमात करायचं बंधन नाही, तुकड्या-तुकड्यांनी केलं तरी चालतं. माझं निम्मं तर वॉर्डापासून ब्लड बँकेपर्यंतच्या फेऱ्यांतच होतं आणि ताकदीसाठी हॉस्टेलवर उठाबशा आणि भिंतीला टेकून जोर.

डबा लातूरला

मी लातूरला नीटची तयारी केली, आता बीएएमएसला आहे. आमच्या गावाहून सकाळच्या एसटीने डबा यायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तिकडे कित्येक पोरांचे डबे असेच येतात, घरून कुणीतरी गाडीत ठेवतं आणि आपण स्टँडवर जाऊन उतरवून घ्यायचा. आमचा डबा स्टीलचा तीन खणांचा, झाकण निसटू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचं रबर कापून दोनदा आवळलेलं, वर कापडी पिशवी आणि पिशवीवर पेनाने नाव. उघडला की आधी ज्वारीच्या भाकरीचा वास. खाली पिठलं नाहीतर मेथी, मधल्या खणात शेंगदाण्याची चटणी, कधी मटकी.

स्टँड रूमपासून लांब, दोन्ही वेळचं चालणं त्यातच व्हायचं, वेगळा व्यायाम म्हणून काही केला नाही. पण न खाता टाकून द्यायची हिंमत कधी झाली नाही, कारण संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा परत जायचा आणि त्यात भाकरीचा तुकडा जरी उरला तरी आईचा फोन. ती पहाटे उठून चुलीपुढे बसायची हे माहीत होतं. माझ्या रूमवर मेस लावलेली पोरं होती, त्यांनी खाल्लं का टाकलं हे विचारणारं कुणी नव्हतं, मला वाटतं खरा फरक तिथे पडतो, भाकरी-पोळीत नाही. शेवटी शेवटी आम्ही चौघांनी डबे एकत्र उघडायचे ठरवलं, मेसवाल्यांनासुद्धा बसवून, मग तेही दोन घास जास्त खायला लागले.

मेसवाल्या काकू

मी गेली कित्येक वर्षं मेस चालवते, म्हणून दुसरी बाजू लिहिते. पोरीबाळी डबा दोघींत एक घेतात ते मला दिसतं गं, पण मी काय बोलणार. मी काय करते, अशा डब्यात एक पोळी जादा टाकते, वरण घट्टसर देते. पण तुम्ही पण जरा तोंड उघडा. भाजी आवडली नाही की न सांगता टाकून देता आणि वडापाव खाता. मागे एकदा दहा-बारा मुली मिळून आल्या, म्हणाल्या काकू बटाटा कमी करा, त्याऐवजी आठवड्यातून तीनदा उसळ द्या. मटकी, मूग, चवळी मला परवडतं, मोड आणायचं काम वाढतं एवढंच, दिलं. एकटी मुलगी येऊन बोलली असती तर कदाचित मी लक्ष दिलं नसतं, पण सगळ्या मिळून आल्या की मला पण हिशोब बसतो. दही-ताकाचं पण तसंच, वीस जणांनी मागितलं तर मी दूध जास्त घेऊन घरीच विरजण लावते. आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद असते म्हणून उपाशी झोपू नका, दुपारीच दोन पोळ्या जास्तीच्या मागून ठेवा, कुठलीच काकू नाही म्हणायची नाही.

हॉस्टेल, तिसरा मजला

काकू तुमच्यासारखी मेस आम्हाला मिळाली असती तर!

मी इंजिनिअरिंगला, शाकाहारी, वजन ६० च्या आसपास. आमच्या हॉस्टेलला इंडक्शन, किटली सगळं बंद, त्यामुळे न शिजवता काय होतं तेवढंच. आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे साध्या निरोगी माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे मला ५० ग्रॅम रोज. एका वेळचा पूर्ण डबा, चार पोळ्या, वाटीभर वरण, थोडा भात, उसळ किंवा भाजी, हे धरून ढोबळमानाने वीसेक ग्रॅम होतात. दोन वेळा पूर्ण जेवलं तर चाळीस. म्हणून डबा दोघांत एक म्हणजे किती मोठा खड्डा पडतो बघा. उरलेले दहा ग्रॅम मूठ-दोन मूठ फुटाण्यांत भागतात, किंवा ग्लासभर दुधात आठेक. अंडी खात असाल तर दोन अंड्यांत बारा. हजारोंची पावडर लागत नाही हो, निदान साध्या व्यायामाला तरी नाही, आणि रूमवर डब्यात पावडर आणि पोटात फक्त मॅगी असली पोरं मी रोज बघतोय.

मोड मी रूमवरच आणतो. मूग सकाळी भिजत घालायचे, रात्री निथळून ओल्या रुमालात बांधून खिडकीच्या दांडीला टांगायचे, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तयार. कांदा, लिंबू, मीठ. रूममेट आधी नाक मुरडायचा, आता रुमाल कुणी धुवायचा यावर भांडतो, म्हणजे खातोय.

तालमीतला

कोल्हापूर. सकाळी पाचला तालीम, जोर, बैठका, माती उकरणे. बी.कॉम. चालू आहे. न जायचा प्रश्न येत नाही, वस्ताद सगळ्यांसमोर विचारतात काल कुठं होतास. तुम्ही पण कोणतरी विचारणारा बघा. जिमच्या फीमध्ये विचारणारा मिळत नाही.

फोर्टला आर्टिकलशिप

डोंबिवली ते फोर्ट, सीएची आर्टिकलशिप म्हणजे सीएच्या ऑफिसात उमेदवारी, सकाळी सातला क्लास, मग ऑफिस, घरी यायला साडेनऊ. जिम मला शक्य नाही आणि मी तो विचार सोडून दिलाय. सीएसएमटीला उतरून ऑफिसपर्यंत चालत जाते-येते, टॅक्सी शेअर करत नाही. पर्समध्ये फुटाणे आणि केळं कायम, कारण संध्याकाळी सहाच्या भुकेलाच स्टेशनवरचा समोसा पोटात जातो, ती भूक आधीच मारली तर रात्री घरी नीट जेवण होतं. डबा आई देते, ती नसली की रात्रीच कणीक मळून ठेवते. सध्या एवढंच जमतंय, परीक्षेची सुट्टी लागली की पोहायला जाणार आहे, पालिकेच्या तलावाचा फॉर्म आणून ठेवलाय.

बर्फातून

जर्मनीत मास्टर्स करतोय, मूळ नाशिक. इथला त्रास वेगळा. डिसेंबरमध्ये साडेचारला अंधार, आठवडाभर ऊन दिसत नाही, आणि माणूस रूममधून बाहेरच पडत नाही. पहिल्या हिवाळ्यात माझं ड जीवनसत्त्व फार कमी निघालं, डॉक्टरांनी औषध दिलं.

टिकलं ते विद्यापीठाच्या स्पोर्ट्स कोर्समुळे. इथे बहुतेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी फार कमी पैशात सेमिस्टरभराचे कोर्स असतात, बॅडमिंटन, पोहणं, रोइंग, काय हवं ते. बुकिंग उघडलं की लोकप्रिय कोर्स काही मिनिटांत संपतात, त्यामुळे जागा मिळाली की ती वाया घालवावीशी वाटत नाही. माझा बॅडमिंटनचा जोडीदार तुर्की मुलगा आहे, मी नाही गेलो तर त्याला खेळायला कुणी नाही, म्हणून बर्फ पडत असला तरी जातो.

खाण्याचं सोपं आहे खरं तर, पण कुणी सांगत नाही. सुपरमार्केटमध्ये ‘रोटं लिन्झन’ म्हणून जी लाल डाळ मिळते ती आपली मसूर डाळच, पंधरा-वीस मिनिटांत शिजते. आणि ‘मागरक्वार्क’, चक्क्यासारखा लागतो, १०० ग्रॅमला १२ ग्रॅम प्रथिनं, अर्ध्या किलोचा डबा स्वस्तात. मी त्याला जिरे-लसणाची फोडणी देतो, भाताबरोबर मस्त लागतो. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारीच मोठं पातेलंभर आमटी करून डबे फ्रीझरमध्ये. नवीन येणाऱ्या मुलांनी कुकर जरूर आणावा, मसाल्यांपेक्षा तो जास्त उपयोगी.

कमवा आणि शिका

वरचं सगळं वाचलं, चांगलं आहे, पण पैशाचं थोडं बोलू द्या. मी कमवा व शिका योजनेत काम करून शिकतोय, सकाळी बागेत खुरपणी, पाणी देणं, पालापाचोळा उचलणं, मग कॉलेज. कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रम करत शिकायची जी वाट घालून दिली त्या वाटेवर आम्ही अजून चालतोय याचा मला अभिमान आहे. व्यायाम कामातच होतो. अडचण खाण्याची येते. काम झाल्यावर जी भूक लागते तिला चहा-बिस्कीट पुरत नाही आणि महिन्याचे पैसे हातात यायला उशीर झाला की पहिली काटछाट नाश्त्यावर होते. डबा दोघांत एक घेणाऱ्या पोरांना माहिती कमी असते असं नाही, पैसे कमी असतात.

आम्ही सहा जणांनी मिळून वर्गणी काढून महिन्याचे शेंगदाणे, गूळ, फुटाणे आणि पोहे घाऊक घ्यायला सुरुवात केली. मार्केट यार्डातून आणलं की किरकोळीपेक्षा बरंच स्वस्त पडतं, माल एका पत्र्याच्या पेटीत, किल्ली दर आठवड्याला एकाकडे. ज्याचे पैसे आले नाहीत त्यानेही खायचं, पुढच्या महिन्यात भरायचे, हे पहिल्याच दिवशी ठरवलं. अजून कुणी बुडवले नाहीत. पेठेतल्या ताई, तुमच्या अभ्यासिकेत हे करायचं असेल तर सांगा, कुठल्या गाळ्यावरून घेतो ते दाखवतो, शनिवारी सकाळी आमच्यातले दोघं जातातच.